तीन महिने होईपर्यंत

६ जानेवारी
नोकरीचा पहिला दिवस छान गेला. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर अकरावी-बारावीचे क्लासेस आहेत. माझं टेबल दारासमोरच. चौकशीला येणाऱ्या पालकांना माहिती द्यायची, फोन घ्यायचे. लग्न होऊन गगनबावड्याहून इथं आल्यापासून घरात बसून कंटाळले होते. अरबाज गाडीवरून सोडायला आला आणि मी जिना चढेपर्यंत खालून हात हलवत राहिला. लाज वाटली, पण बरंही वाटलं. मालक विजयसिंह सर कमी बोलतात. हिशेब बघणाऱ्या राजनंदिनी मॅडम माझ्या शेजारी बसतात. चाळिशीच्या असतील, मुलगी दहावीला आहे. दुपारी त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, हितं लाजलीस तर उपाशी मरशील.

२० जानेवारी
पट्टीवर दोन रेघा आल्या. अरबाजनं मला उचललंच. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. घरी नाही, माहेरी नाही, ऑफिसात तर मुळीच नाही. सरांनी मुलाखतीतच विचारलं होतं, लग्न नवीन दिसतंय, लगेच रजा मागणार नाही ना? माझ्या आधीची मुलगी बाळंतपणाला गेली, तिला परत घेतलं नाही म्हणे.

३१ जानेवारी
डॉक्टरीणबाईंची वेळ मिळवायला गच्चीवर जाऊन फोन केला. राजारामपुरीतले दवाखाने नकोत, क्लासचे पालक तिथं हमखास भेटतात. शाहूपुरीतला धरला. ऑफिसात दाताचं दुखणं सांगितलं. गोळ्या जीवनसत्त्वाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवल्यात. दवाखान्यात माझं नाव मोठ्यानं पुकारलं तेव्हा ओढणी कपाळावर ओढून घेतली. बाई म्हणाल्या, ठोके दिसायला अजून वेळ आहे, दोन आठवड्यांनी या. परत आले तर राजनंदिनी मॅडमनी लवंगा आणून ठेवल्या होत्या. दाढेत धर म्हणाल्या. धरली.

१४ फेब्रुवारी
ठोके दिसले. पडद्यावर काहीतरी लुकलुकत होतं. अरबाज रडला. मला सकाळपासून मेथीचा वास सोसत नाही, चहा नको होतो. ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून उलटी करते.

२४ फेब्रुवारी
उलट्या थांबल्या. एकदम, बटण बंद करावं तशा. चहा प्यायले, दोनदा. बरं वाटायला हवं होतं.
आज मीटिंगमध्ये राजनंदिनी मॅडम तोंडावर पदर धरून पळाल्या. परत आल्या आणि माझा डबा झाक म्हणाल्या. डब्यात मेथी होती.

३ मार्च
रमजान सुरू झाला. मी रोजा धरलेला नाही, पण ऑफिसात सगळ्यांना धरलाय असंच वाटतं. माझ्यासमोर कुणी पाणीसुद्धा पीत नाही. दुपारी ड्रॉवर उघडला तर आत सोललेलं संत्रं, रुमालात गुंडाळलेलं. राजनंदिनी मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांना माहीत आहे. कधीपासून, कोण जाणे.

७ मार्च
तपासणी होती. दाताचंच कारण सांगितलं.
डॉक्टरीणबाई बराच वेळ यंत्र फिरवत राहिल्या. मग विचारलं, रक्त गेलं का? दुखलं का? नाही. काहीच नाही. त्या म्हणाल्या, इथं काही होतं असं दिसतच नाही. चौदा तारखेची तपासणी त्यांच्या संगणकात आहे. ठोके आहेत. नाव राजनंदिनीचं आहे.
मी माझं बोट स्क्रीनवर ठेवलं. त्यांनी ते हळूच बाजूला केलं.

८ मार्च
अरबाजला सांगितलं. त्यानं विचारलं, कसलं बाळ?
चेष्टा करत नव्हता. कपाळाला हात लावून ताप बघितला.
मी भांडी घासली.

१० मार्च
ऑफिसात पेढे. राजनंदिनी मॅडमची बातमी. या वयात, म्हणून सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. मी पेढा खाल्ला. चव लागली नाही.

१२ मार्च
राजनंदिनी मॅडमनी मला गच्चीवर नेलं. कठड्याला टेकून खाली बसल्या.
“ते तुझं हाय, मला म्हाईत हाय,” म्हणाल्या. “म्या मागितलं न्हवतं गं.”
मग एकेक सांगितलं. त्याही इथं नव्या असताना, मुलगी पहिलीत होती तेव्हा, दुसऱ्यांदा दिवस गेले होते. नोकरी जाईल म्हणून लपवलं. एक दिवस पोट रिकामं. नवऱ्यालाही आठवेना.
“हितं लपवलं की जातंय. जे सांगितलं न्हाय ते आपलं ऱ्हात न्हाय. तुला पैल्या आठवड्यातच सांगाय पायजे हुतं. माझी जीभ उचलली न्हाय.”
मी विचारलं, तुमचं कुणाकडं गेलं?
“त्ये आजून कळलं न्हाय.”
परत मिळतं का, विचारलं. त्या म्हणाल्या, तीन महिने भरायच्या आत सगळ्यांसमोर सांगून बघ. त्यांनी स्वतः तेव्हा सांगितलं नव्हतं.

१७ मार्च
सांगितलं. सरांच्या केबिनच्या दारात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी गरोदर आहे, बाळ माझं आहे.
सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, रजेचं बघू आपण. इतकंच. त्यासाठी मी सगळं—
राजनंदिनी मॅडम पोट धरून खुर्चीत बसल्या. मग हात सैल सोडले. माझ्याकडं बघून मान हलवली.
घरी येताना उलटी झाली. रस्त्याकडेला बसून रडले. अरबाज पाठ चोळत म्हणाला, चौथा महिना लागला की थांबेल. त्याला आठवतंय. मधले दिवस मात्र त्याच्याकडं नाहीतच.

१८ मार्च
दवाखाना. बाई मला पलंगावर तशीच सोडून दुसऱ्या डॉक्टरांना बोलवायला गेल्यात. पडदा माझ्याकडं वळवलाच नाही.
दोन आहेत.
एक बरोबर आहे, म्हणाल्या. तीन महिन्यांचं. ठोके चांगले.
दुसरं मापात बसत नाही. पुन्हा पुन्हा विचारत होत्या, शेवटची पाळी नक्की कधी.

फोन वाजतोय. राजनंदिनी मॅडम. उचलला. त्या इतकंच म्हणाल्या, सबिना, माझं बी तिकडंच आलंय का गं?

फोन उशाखाली सरकवला. मुलगी पहिलीत होती तेव्हा. आता दहावीला. म्हणजे ते—

पोट सपाट आहे. हात ठेवलाय. आत कुणीतरी कूस बदलली. लहान्यानं नाही, ही हालचाल सावकाश. गुडघा असावा. बरगडीपर्यंत—

ऐकू येतंय. आतून. मला नाही, लहान्याला काहीतरी सांगतंय, हळू आवाजात, आणि लहान्याचे ठोके