सटवाजीच्या तेलाचा आढावा

चि. त्रिवेणीस बोरीहून मन्मथअप्पाकाकाचे पोटभर आशीर्वाद. इकडं महादेवाच्या कृपेनं सगळं ठीक, तुझ्या शिवम्माकाकूचा उजवा गुडघा तेवढा सोडून. तू पुण्यात वेळेवर जेवतीस ना? (फोनवर 'हो' म्हणतीस, पण ज्याचं त्यानंच दिलेलं प्रमाणपत्र धरायचं नसतं, हे तूच सांगितलंस.)

डॉक्टर म्हणाले, शिवम्माचा गुडघा बदला. गाव म्हणतं, सटवाजीचं तेल लावा. दिवाळीत तू तुझं काम समजावलं होतंस: औषधांवरचे सगळे अभ्यास गोळा करून कुणीतरी आढावा लिहितं, अन् तो भरवशाचा आहे का ते तू तपासतीस. म्हटलं, आपणही तेलाचा रीतसर आढावा घ्यावा. सोमवारी टेकडावरच्या महादेवापाशी बसलो अन् दर्शनाला येईल त्याला विचारत गेलो. सगळे एकमुखानं म्हणाले, लय गुण आला. मी तिथूनच सटवाजीला फोन करून बाटली मागवली.

खाली उतरलो तर पायथ्याच्या कट्ट्यावर रुख्मिणीवहिनी अन् चारचौघी बसलेल्या, खालूनच हात जोडणाऱ्या. सगळ्यांच्या गुडघ्यांना त्याच तेलाचा वास. ज्यांना गुण आला नाही त्या पायऱ्या चढणार कशा, अन् मी विचारणार कुणाला? शिवम्माही त्यांच्यातच, माझी वाट बघत बसलेली. मग वरच्यांना परत खोदून विचारलं, तर बहुतेकांनी तेल लावलेलंच नव्हतं. आश्रुबाला गुण आला, असं ऐकलेलं. म्हणजे एकच आश्रुबा मी दहा तोंडांनी मोजला. अन् आश्रुबा सटवाजीचा व्याही. (व्याह्याच्या तेलाला नावं ठेवली तर लेक तिथं नांदायची कशी?) आढावा बाद केला.

ऑपरेशनचंही तपासलं. दवाखान्याच्या माहितीपत्रकात सगळे हसरे म्हातारे जिने चढायलेत. त्यांचा कट्टा कुठंय, ते छापलेलं नाही. तेव्हा या ऑपरेशनचा एखादा चांगला आढावा तुझ्या कसोट्या लावून वाच अन् कट्ट्यावरचे धरून काय निघतं ते कळव.

तुझा,
मन्मथअप्पाकाका

ता. क. बाटली वाया जाऊ नये म्हणून मीच लावायलोय. गुण यायलाय. हे कुठं धरू नको.

आणखी एक. आढाव्याची घाई नाही. शिवम्मानं काल डॉक्टरला होकार देऊन टाकला, येत्या गुरुवारी ऑपरेशन. "तुमचं तपासणं चालू द्या, मला वर जायचंय," म्हणाली. ती निवांत आहे, भ्या मला वाटायलंय. तू काही वाचू नको, नुसती ये अन् माझ्याजवळ बस.