सोमवारी घरी राहिलेली ठकी

सोमवार, दिवेलागण

आज ठकी घरीच आहे. दुसरं काही लिहायला सुचतच नाही.

सोमवारी आमच्याकडे मासळी नसते, म्हणून गेली चार वर्षं ही मांजर दर सोमवारी सकाळीच कुंपणाखालून आग्नेसकडे जाते. आग्नेस आमची ख्रिश्चन शेजारीण, तिला वाराचं बंधन नाही. दिवसभर तिथे बांगड्याची डोकी खायची आणि मंगळवारी मी मागल्या दारी मासळीची विळी मांडली की पायात घोटाळायला हजर. हिला वार कसा कळतो? विळी भिंतीला टेकलेली दिसते, त्यावरूनच कळत असणार.

आजही विळी टेकलेलीच होती. ठकीने ती हुंगली, माझ्याकडे बघितलं, आणि गेलीच नाही. दुपारी चक्क डाळभात खाल्ला. त्यावर मी बोटभर तूप घातलं होतं, तेही लिहायला हवं. आता मांडीवर झोपली आहे, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळेच.

का राहिली असेल? माझा तिच्यावर जीव आहे, ते मला माहीत आहे. पण तिचा...

यांना सांगितलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आज आग्नेसाकडे मासळी इली नसतली. जावन इचार बघू."

"माका काय करूचा आसा इचारून?" मी म्हटलं.

कुंपण दहा पावलांवर आहे. आग्नेस आत्ताच दोरीवरचे कपडे गोळा करायला आली होती. तिने हात केला, मीही केला. मांडीवर मांजर आहे, उठणार कशी?