दारावरचा ल्युबेनचा फोटो

मी, नेव्हेना स्टोइलोवा, चित्रपट दिग्दर्शिका, राहणार विदिन, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. तो आणणं आजवर कोणाला जमलंही नाही.

१. राहतं घर माझी मुलगी याना हिला. तिने दरवाजा मात्र रंगवू नये. त्यावर चिकटवलेल्या कागदांचे डाग तसेच राहू द्यावेत.

२. माझे सर्व लघुपट यानाला. आमच्याकडे कोणी गेलं की फोटो आणि नाव छापलेला कागद दारावर लावतात. शेवटच्या लघुपटात एक माणूस स्वतःच्या निधनाचा कागद आपल्याच दारावर लावतो, कोण रडायला येतं ते बघायला. नटाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून माझा नवरा ल्युबेन उभा राहिला; कागदावर फोटोही त्याचाच. शेजारी तो खरा समजून, मृताच्या नावाने देतात ते उकडलेले गहू आणि वाइन घेऊन खरोखरच आले. ल्युबेनने दार उघडलं, तेव्हा काय हशा पिकला! बक्षीस मिळालं, आणि त्याच गोष्टीवर मोठा चित्रपट उभा राहिला.

३. असेन नावाचा निर्माता तेव्हा म्हणाला होता, "लघुपटात नवरा चालतो, मोठ्या पडद्याला चेहरा लागतो." मी ऐकलं नाही, मोठ्या चित्रपटातही ल्युबेनलाच घेतलं. त्याला माझी मोडकी खुर्ची द्यावी.

४. मोठ्या चित्रपटाचे हक्क यानाला. अट एकच, शेवट बदलू नये.

शेजारी जिना चढून येतात, एवढंच दृश्य चित्रित करायचं उरलं होतं. त्या सकाळी ल्युबेन उठलाच नाही. मी दारावर खरा कागद लावला. फोटो तोच, दुसरा बरा होता कुठे? समोरची त्सोन्का तो वाचून म्हणाली, "नेव्हेना, या वेळी अगदी खऱ्यासारखं जमलंय हो. कॅमेरा कुठे लपवलास?"

मी आत जाऊन दार लावून घेतलं. शवपेटीमागे आम्ही मायलेकी आणि पाद्री. बाकीची गल्ली नीट भांग पाडून खिडक्यांतून हात हलवत होती.

चित्रपट मी रिकाम्या जिन्यावर संपवला. समीक्षक त्याला धाडस म्हणाले. धाडस कसलं डोंबलाचं! कोणी आलंच नव्हतं.

५. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, म्हणून त्सोन्काला काही देत नाही, काम देते. दर वर्षी ती ल्युबेनच्या नावाने गहू शिजवून खालच्या पायरीवर ठेवते, वर येत नाही. पुष्कळ वर्षं मला तिचा राग होता. आता नाही.

मी गेले की दारावर कागद लावू नये. त्सोन्काने घरोघरी जाऊन तोंडाने सांगावं. सगळ्यांनी जिना चढून वर यावं. गहू दुप्पट शिजवावेत. माझ्यासाठी नाही रडलात तरी चालेल. ल्युबेनसाठी रडायचं राहून गेलंय.

स्थळ: विदिन
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१९
सही: नेव्हेना स्टोइलोवा

साक्षीदार:
१. पाद्री मेतोदी
२. त्सोन्का गेर्गोवा. वाचलं. घरोघरी मी जाईन.