दुर्बिणीवाल्याचा शब्द

१९ ऑगस्ट १९९७
मंगळवार, सकाळ

प्रिय अर्लिन,

कसा आहेस? गुडघा काय म्हणतो? पार्सलात आधी चोकचेरीच्या जॅमच्या दोन बाटल्या दिसतील, त्या तुझ्याच आहेत. खाली मोज्यात गुंडाळलेलं जे आहे ते एवढ्यात उघडू नकोस. आधी पत्र वाच.

इथे सगळं ठीक. गवत कापून झालं. हॅल्वरचा खोकला गेला, तुझ्या या भावाचा तिरसटपणा मात्र आहे तसाच आहे. आपली मेपल घोडी गेली. कुरणात त्या मेल्या भुंकणाऱ्या घुशींच्या बिळात पाय अडकून मोडला. कळवायचं राहून गेलं, तीन आठवडे झाले.

दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता जॅम पाठवते आहे, तेव्हा तू ओळखलंच असशील की बाईचं काहीतरी अडलंय. अडलंयच.

हॅल्वर अजून रोज घुशी टिपायला कुरणाच्या कडेच्या टेबलापाशी जाऊन बसतो. तीच रायफल, तेच वाळूचं पोतं, कुंपणाला वारा बघायला बांधलेली तीच नारिंगी फीत. फक्त तुझ्या तिकाटण्यावरच्या दुर्बिणीमागे आता मी असते. तू गेलास त्यानंतरच्या वसंतात म्हणाला, "मार्डेल, तूच बस. धूळ कुठे उडाली एवढंच सांगायचं. त्यात काय अक्कल लागते?" मी म्हटलं, "म्हणूनच इतकी वर्षं अर्लिनला बसवत होतास वाटतं!" हसला रे. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसला. म्हणून बसले.

पहिल्या वर्षी मी खरं तेच सांगत होते. रायफलवरच्या दुर्बिणीची चकती एक खटका फिरवली की गोळी शंभर यार्डांवर पाव इंच सरकते, तीनशेवर पाऊण, हे तूच मला याच टेबलावर शिकवलं होतंस. मी म्हणायची, "उजवीकडे, हातभर." तो चकती डावीकडे फिरवायचा. पुढची गोळी डावीकडे, तीही हातभर. मग खाली. मग भलतीकडेच. नुसते खटके, सकाळभर खटके! "रायफलवरची दुर्बीण ढिली झालीय," म्हणायचा. स्क्रू कसले, बैठक बदलली, शेवटी रायफल देऊन मला शहरात पाठवलं दुरुस्तीवाल्याकडे. त्या माणसाने शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या आणि कागद माझ्या हातात दिला. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली जात होती. म्हणाला, "काकू, दुर्बिणीला काही झालेलं नाही."

तो कागद मी पिठाच्या डब्यात ठेवला आणि घरी येऊन सांगितलं, दुरुस्त करून दिली.

तू हेच म्हणाला होतास ना दोन वर्षांपूर्वी? "हॅल्वर, दोष दुर्बिणीचा नाही, तुझ्या डोळ्याचा आहे." आणि त्याने तुला हाकललं. मी चुलीपाशी उभी होते. मला तेव्हाच माहीत होतं. तो माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतो, कारण समोर बघितलं की मी त्याला दिसत नाही. मधोमध डाग आहे, फक्त कडेकडेचं दिसतं. मला माहीत होतं, आणि मी कॉफी ढवळत राहिले. तू गाडीत बसेपर्यंत ढवळत होते.

या एप्रिलपासून मी "लागली" म्हणायला लागले. पहिल्यांदा सहज तोंडातून गेलं. त्याचा चेहरा असा उजळला अर्लिन, की मला दुसऱ्यांदाही म्हणावंसं वाटलं. मग दहातल्या सहा लागल्या, मग आठ. वहीत टिपून ठेवायचा. जेवताना म्हणायचा, "बघ, अर्लिन म्हणत होता डोळा गेला!" आणि मी त्याला बटाटे वाढायची.

तुमच्या वडिलांचा नियम तुला ठाऊक आहे: नेम धरणाऱ्याने दुर्बिणीवाल्याशी वाद घालायचा नाही, तो सांगेल ते खरं. साठ वर्षं हॅल्वरने तो पाळला. माझ्या बाबतीतही पाळला, आणि तिथेच घात झाला.

आता मेपलचं सांगते. तिचा पाय बिळात मोडला नाही.

त्या सकाळी तो म्हणाला, "उंचवट्याच्या उजवीकडे बदामी काहीतरी हलतंय. मोठी घूस आहे का गं?" मी थर्मासमधून कॉफी ओतत होते. दुर्बिणीला डोळासुद्धा लावला नव्हता. सवयीने म्हणाले, "हो, तीच. मार."

गोळी सुटल्यावर मी बघितलं. मेपल उताराच्या पलीकडे चरत होती, वर फक्त पाठ दिसत होती तिची. ती पाठ खाली गेली.

"लागली?" त्याने विचारलं.

"लागली," मी म्हटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मी खरं बोलले.

तो दुपारी झोपल्यावर शेजारच्या क्लेटनला बोलावून खड्डा खणून घेतला, आणि बिळाची गोष्ट रचली. हॅल्वर रडला. अठरा वर्षांची घोडी रे, माझ्यापेक्षा जास्त तिच्याशी बोलायचा. आणि आता त्याला त्या घुशींवर सूड उगवायचाय! आधी तासभर बसायचा, आता नाश्त्यापासून जेवणापर्यंत बसतो. "माझ्या मेपलला खाल्लं यांनी," म्हणतो आणि गोळ्या भरतो. मी माझ्या तोंडाने त्याच्या हातात हे दिलं.

पुढच्या शनिवारी क्लेटन आणि त्याच्या दोघी मुली घोड्यांवरून गुरं हलवणार आहेत, दरवर्षीसारखी त्याच उतारावरून. क्लेटन शुक्रवारी फाटकाशी येऊन म्हणाला, "मार्डेल, तू सांगतेस की मी शेरीफला सांगू?" मी म्हटलं, मी सांगते. रविवारी नाश्त्याला सुरुवात केली. "हॅल्वर, ऐक." त्याने माझ्या कानाकडे बघत म्हटलं, "बोल ना." मी म्हटलं, "अंडी आणखी हवीत का?"

माझ्याच्याने होत नाही. चाळीस वर्षं संसार केला, आणि एक वाक्य होत नाही.

मोज्यात रायफलचा बोल्ट आहे. काल काढून घेतला. त्याच्याशिवाय गोळी सुटत नाही. शनिवारच्या आत ये आणि तो बोल्ट त्याच्यासमोर टेबलावर ठेव. तुला काही बोलायला लागणार नाही. तू नुसता शेजारी बसलास तर मी बोलेन. पिठाच्या डब्यातला कागदही मीच काढेन. तो तुला परत हाकलेल कदाचित. या वेळी मी चुलीपाशी उभी राहणार नाही.

लवकर ये रे. काल दुपारपासून तो बोल्ट शोधतोय. गुडघ्यांवर बसून कोठाराची सगळी जमीन हातांनी चाचपून काढली त्याने. आत्ताही तिथेच आहे, आणि मला हाका मारतोय: "मार्डेल, तूच ये गं. तुझे डोळे चांगले आहेत, तुला सापडेल."

जाते. त्याच्याबरोबर शोधायला.

तुझी वहिनी,
मार्डेल