ताडावरची वैद्यकीय तपासणी

पूर्णा, ता. भिवंडी
अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस, १९७६

रा. रा. राघोदाजी यांचे सेवेशी,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे दौलतचा, शिरसाष्टांग नमस्कार. आपली, आमच्या आक्काची आणि आपल्या ढवळ्या बैलाच्या खुराची तब्येत कशी आहे ते कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे घरची गुणाबाई माझ्याशी बोलत नाही, पण जेवायला वाढते. दाजी, रीतीप्रमाणे आणखी दोन ओळी ख्यालीखुशालीच्या लिहायला हव्यात, पण धीर धरवत नाही. आनंदाने! मला अपंगाची पेन्शन लागली!

तुम्हाला ठाऊकच आहे, अंबाडीच्या रस्त्यावर टेलिफोनचा खांब मला घेऊन आडवा झाला, तेव्हापासून माझा डावा गुडघा नोकरीत नाही. (बाकीचा मी आहे.) जुन्या नियमाने हात किंवा पाय पुरता गेल्याशिवाय आमचं टेलिफोन खातं कुणाला अपंग मानत नसे. माझा पाय जागच्या जागी. तेव्हा पुन्हा खांबावर चढा, नाहीतर रिकाम्या हाताने घरी बसा, असा हुकूम. सांगायला लाज कसली, धास्तीने मला अन्न गोड लागत नव्हतं. अशात नियम बदलला! कामावरच्या दुखापतीने ज्याला आपलं काम करता येत नाही, त्यालाही आता पेन्शन. आणि खातरी करायला सरकारी डॉक्टर घरी येणार! गुणाबाईने ओटा सारवला, मला खाटेवर निजवलं आणि कण्हायची तालीम घेतली. (माझं कण्हणं तिला पसंत पडेना. शेवटी तिने स्वतः कण्हून दाखवलं, तेव्हा शेजारची ठमाबाई तेल-हळद घेऊन धावत आली.)

डॉक्टर आले. भला माणूस, पण उन्हाने पार घामाघूम. गुडघा दाबून पाहिला, कागद काढला, आणि मान पुसता पुसता नजर गेली वर, आमच्या दारच्या ताडाकडे. म्हणाले, "वा, ताडगोळे!" झालं! दाजी, तुम्ही या घरचे जावई, तुम्हाला काय सांगायचं? पाहुण्याने दारच्या फळाकडे पाहावं आणि ते त्याच्या हातात पडू नये, असं आमच्याकडे घडलेलं नाही. (आमचे बाबा अंगात ताप असताना चढले होते, तेही सावकाराच्या कारकुनासाठी.) एरवी ठमाबाईचा नवशा चढतो, पण तो भिवंडीला लूमवर शिफ्टला गेलेला. गुणाबाई चहा टाकायला आत. मी कमरेला आकडी बांधली, तिच्यात कोयता अडकवला, पायात दोर घातला आणि हां हां म्हणता वर! खांबाची सवय, हात ओढून नेतात, पाय आपला मागून येतो. घड कापून दोरीने अलगद खाली सोडला आणि मोठ्या ऐटीत खाली पाहिलं. डॉक्टरांचं पेन कागदावर तसंच थांबलं होतं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की, या माणसाच्या लेखी मी खांबावर चढू न शकणारा इसम आहे!

लगबगीने उतरायला गेलो, तर गुडघ्याने ठाण मांडलं. चढताना त्याच्यावाचून भागतं, उतरताना सगळा भार त्याच्यावर. वर खाडीचा वारा, ताड डुलतोय, आणि मला तो खांब आठवला. दाजी, मी घाबरलो. रडलोसुद्धा. डॉक्टर ओरडले, उतरा! मी ओरडलो, साहेब, तेच जमत नाही म्हणून तर अर्ज केला! एवढ्यात गुणाबाई चहा घेऊन बाहेर आली. वर पाहिलं, कपबशी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "आता तिथंच बसा! पेन्शन पन वरच येल. पोस्टमन चढंल, त्याचे पाय धड हायेत!"

मग डॉक्टर माझ्याच खाटेवर बसले, ताडगोळे सोलून खाऊ लागले आणि माझी उरलेली तपासणी खालून झाली. गुडघा वाकवा. वाकत नाही. कुठे दुखतं? सगळीकडे. आवाज मोठा लागत असल्याने माझ्या पोटाच्या तक्रारीही साऱ्या पूर्णा गावाला कळल्या. शेवटी शिफ्ट सुटून नवशा आला आणि त्याने मला पाठीशी बांधून उतरवलं. डॉक्टर कागदावर लिहून गेले: "अर्जदार चढतो, उतरवून घ्यावा लागतो. दर खांबाखाली एक नवशा उभा करणे खात्यास परवडणार नाही. सबब पेन्शन द्यावी." आक्काला वाचून दाखवा. तिच्या भावाच्या म्हातारपणाची काळजी मिटली!

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

आपला, गुडघ्याने अधू पण आज ताडाएवढा,
दौलत

ता. क. पेन्शन लागली असं वर लिहिलं, ते आनंदाच्या भरात. तो कागद कच्चा. पक्का कागद घेऊन डॉक्टर रविवारी येतात, सही तेव्हा. बरोबर बाईसाहेब आणि मुलं. मुलांनी ताडगोळे झाडावर कधी पाहिले नाहीत म्हणे.

ता. क. लूमची सुट्टी शुक्रवारी, म्हणजे रविवारी नवशा नाही. तेव्हा तुम्ही शनिवारी मुक्कामालाच या. तुम्ही वर चढा, मी खाली लंगडतो.

ता. क. गुणाबाईने कोयता लपवला आहे, पण दोर मला सापडला. पोरांनी वर पाहिलं की मी काही खाली राहायचा नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तुम्हाला येणं जमलंच नाही, तर तुमच्या पडघ्याहून निदान शिडी पाठवा. चढायला नको, उतरायला.