कल्पनाच्या लाल रिमा

१२ सप्टेंबर २००६
लाईट अकराला गेली, तीनला आली. फवारणी पंपाच्या नळ्या तेजाबाच्या टाकीतच अडकल्या. करंट मधेच तुटला की ॲल्युमिनियमवर थर अर्धाच बसतो, मग रंग चट्टे-चट्टे. सगळ्या कॉस्टिक सोड्यात टाकून पुन्हा पांढऱ्या केल्या. हात चुरचुरतात.
बीटी कपाशी नवी आली तेव्हा लोकांचे फवारे कमी झाले, नळ्यांचं काम बसलं. आता फवारे परत सुरू, नळ्याही परत. बरं म्हणावं की वाईट, कळत नाही.
हे दिवसभर खाटेवर बसून. आडवं झालं की दम लागतो. औरंगाबादला अशाच टाक्यांवर चौदा वर्षं काढली, छाती तिथंच ठेवून चिखलीला आले. आता हे सांगतात, मी करते.

१५ सप्टें.
अमडापूरचे उत्तमराव आले. भाजीपाला करतात, थोडी कपाशीची पऱ्हाटी. संगं मुलगी कल्पना, बारावीला आहे. तिच्यासाठी पुण्याहून जुनी शर्यतीची सायकल आणली. चाकं उकलून नुसत्या रिमा घेऊन आली. हलक्या, पण राखेसारख्या करड्या, जागोजागी चरे पडलेले. दिवाळीनंतर जिल्ह्याची शर्यत आहे, राजूर घाट उतरायचा नि परत चढायचा. त्यातून पुढे राज्यासाठी निवड.
"काकू, मले लाल पाह्यजे. दुरून लोकायले आधी माये चाकंच दिसली पाह्यजे."
उत्तमराव म्हणाले, "लाल तं आमच्या वावरातच लय हाय. लाल्या रोग आला पऱ्हाटीवर, पानं पाहा जाऊन." हसले, मग रिमा माझ्याकडे सरकवल्या.
यांनी खाटेवरून बजावलं, "ब्रेकचं रबर घासते तेवढी पट्टी कोरी ठेवजो. तो थर कडक अन् गुळगुळीत असते. पाणी लागलं का रबर धरत नाही." एवढं बोलून पाच मिनिटं खोकले.

१८ सप्टें.
कल्पना एकटीच आली, शाळा बुडवून. मी पुढच्या रिमेच्या पट्टीवर लाख लावत होते, म्हणजे तिथं रंग धरू नये. बघत उभी राहिली.
"हे काऊन?"
सांगितलं.
"पण काकू, हे तं अर्ध्याच हातावर मेंदी लावल्यावानी दिसन."
यांना डोळा लागला होता. मी लाख पुसली.
का पुसली? लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन. सासऱ्यांपर्यंत या घरात लुगडी रंगवली. लग्न होऊन आले तेव्हा अंगणात दोऱ्यांवर लाल लुगडी वाळत होती. नंतर ते गेलं. आता पंपाच्या नळ्या रंगवते, त्यांचा रंग कोण पाहतं? ही पोरगी रंगासाठी सात कोस घरची साधी सायकल मारत आली. आणि खरंच, अर्धवट वाईट दिसलं असतं.
लाईटही कधी नव्हे ती पूर्ण वेळ राहिली. थर असा एकसारखा बसला की हात फिरवत राहावं. मग लाल टाकीत. मग उकळत्या पाण्यात, म्हणजे रंग पिऊन झालेल्या थराचं तोंड बंद. शाईचा थेंब टाकून पुसला, डाग नाही. स्पिरिटच्या बोळ्याने घासलं, बोळा पांढराच.
डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. माझ्या हातून असा कधी निघाला नव्हता.
संध्याकाळी यांनी विचारलं, "पट्टी झाकली होती?"
म्हटलं, झाकली.

२० सप्टें.
स्टँडजवळच्या शकूरभाईंनी चाकं बांधली. पन्नास वर्षं सायकलीच करतात. फिरवून पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "भाभी, रंग तो एक नंबर. पण ब्रेकच्या जागेवर पण?" मी म्हटलं पोरीचा हट्ट. त्यांनी ब्रेक खोलले. रबरं नवी टाकली.

२ ऑक्टो. दसरा
टाक्यांना हळदकुंकू, झेंडू. हे भिंत धरून दारापर्यंत आले, नमस्कार केला, परत बसले.
दुपारी कल्पना आपट्याची पानं घेऊन आली. सायकल दारातच थांबवली. ब्रेक लागला तेव्हा आवाज झाला, पाटीवर खडू उलटा ओढल्यासारखा, आणि दोन हात पुढे जाऊन थांबली.
पोरं जमली. "काय चाक आहे बे!" ती नुसती फुलली. यांच्या पाया पडली. यांनी डोक्यावर हात ठेवला, पण नजर दाराकडे.
ती गेल्यावर यांनी मला जवळ बोलावलं. मग, "पट्टी सोडली होती न?"
"हो."
"मंग ते आवाज काऊन?"
"नवी रबरं आहेत."
मान हलवली. यांच्या कानाला फसवणं अवघड. पण आजारी माणूस बायकोवर विश्वास टाकतो, दुसरं काय करणार.

४ ऑक्टो.
राहवेना. अमडापूरच्या एसटीडी बूथवर फोन केला, निरोप ठेवला: कल्पना, चाकं घेऊन ये.

५ ऑक्टो.
आली. दाराबाहेरच हळूच म्हटलं, "बारीक पॉलिश पेपरनं ब्रेकची पट्टी घासून देते. तासाचं काम."
"मंग पांढरी होईन न?"
"होईल."
"शर्यत झाल्यावर घासा, काकू. फोटो निंघतीन तिथं. सर म्हणत होते पेपरात येईन."
मी म्हटलं, पावसात जपून. एवढंच म्हटलं. यांच्या तोंडचं सगळं सांगायला पाहिजे होतं, घाटाचं नाव घेऊन, तिचा हात धरून. सांगितलं असतं तर आधी पट्टी का रंगवली हेही सांगावं लागलं असतं. हे चार हातांवर बसलेले, सगळं ऐकू गेलं असतं. दोन खोल्यांचं घर.
ती गेली. मी नळ्या करायला घेतल्या.

९ ऑक्टो.
ऊन. पाऊस आता गेला म्हणतात. वाटलं, पंधरा-वीस दिवस ब्रेक मारून मारून थर आपोआप झिजेल. यांना आडून विचारलं, अशी पट्टी चुकून रंगली तर किती दिवसांत निघते? म्हणाले, "थर कच्चा असला तं आठवड्यात. चांगला बसला तं महिनेच्या महिने नाही."
माझा चांगला बसला होता.

१३ ऑक्टो.
काल पाऊस झाला. सरीवर सर, अचानक. कापूस भिजला म्हणून गल्लीत सगळे तेच बोलत होते.
आज सकाळी शकूरभाई आले, दारातच उभे राहिले. कल्पना काल घाटात पडली. सरावाला गेली होती, उतरताना भिजली. वळणावर सरळ गेली, कठड्याच्या दगडावर. मांडीचं हाड तुटलं, खुब्याला मार, जबडाही गेला. बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात आहे.
"बारीक गिट्टी थी मोडपर," ते म्हणाले. "सब बोल रहे गिट्टीपे फिसली." माझ्याकडे बघितलं नाही.
यांनी सगळं ऐकलं. शकूरभाई गेल्यावर म्हणाले, "इकडे ये."
गेले.
"पट्टी सोडली होती?"
"नाही."
ओरडतील वाटलं. ओरडायला दम पाहिजे. यांनी नुसतं तोंड भिंतीकडे केलं.

१४ ऑक्टो.
पहिल्या एसटीने बुलढाणा. वॉर्डात खाटा कमी, खाली गाद्या. बाजूला फवारणीचं औषध प्यालेला एक माणूस. त्याची बायको कोणाशी बोलत नव्हती, तिच्याशीही कोणी नाही. कल्पनाचं तोंड सुजलेलं, तारा बांधलेल्या. बोलता येत नाही. मला ओळखलं, बोटं हलवली. डॉक्टर म्हणाले, पुढे चालेल-फिरेल, पण सायकलचं आता नका विचारू.
उत्तमराव बाहेर पायरीवर. सायकल जिपमधून आणून तिथंच भिंतीला टेकवलेली. हँडल वाकलेलं, पुढचं चाक आठच्या आकड्यासारखं.
मला बघून उठले. चाकावर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, हे पाहा बरं. एवढी आपटली, दगडावर घासत गेली, पण तुमचा रंग कुठं गेला नाही. कसा केला तुम्ही?"
वाकून पाहिलं. खरंच नव्हता गेला. कडेला दोन ओरखडे, तेवढेच. पट्टीवर रबराचे काळे फरांटे, घट्ट, बोटभर रुंद, म्हणजे तिने दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले होते. खाली लाल तसाच.
सांगायला तोंड उघडलं. आतून नर्सने हाक मारली, ते पळत गेले. मी शेवटच्या एसटीने परत.

१५ ऑक्टो.
यांनी चहा घेतला नाही. एकदाच बोलले, "सांगितलं?"
"नाही."
"गिट्टी असेनही. गिट्टी असते तिथं. पण तू सांग."

१७ ऑक्टो.
परत बुलढाणा. उत्तमराव पायरीवर केळ सोलत होते, लेकीसाठी दुधात कुस्करून नळीने पाजायला. म्हटलं, भाऊ, एक सांगायचं आहे. सगळं सांगितलं. पट्टी, लाख, मेंदी, दसऱ्याचा आवाज, पाच तारखेला ती आली तेव्हाचं. मधे थांबले नाही, थांबले असते तर राहिलं असतं.
केळ हातात तसंच.
"तिनं म्हटलं होतं नको घासू?"
"हो."
"अन् तुमाले माहीत होतं?"
"हो."
त्यांनी केळ वाटीत कुस्करलं, नीट, गुठळी न ठेवता. उठले. पायरी चढताना थांबले, पाठ माझ्याकडेच.
"उद्या चिखलीले येतो. चाकं घेऊन."
कशाला, ते बोलले नाहीत.

१८ ऑक्टो.
सकाळपासून लाईट नाही. टाक्या थंड. हे खाटेवर, मी दारात. अमडापूरची पहिली जीप गेली, तीत नव्हते. दुसरी साडेअकराला आली, उत्तमराव चाकं घेऊन उतरताहेत. वही ठेवते.