मुरूमचं पाणी

६ जानेवारी, सोमवार
आमच्या विभागातल्या मल्लिनाथचा पेपर परदेशी जर्नलात आला. स्टाफरूममध्ये पेढे. मी निषेध म्हणून खाल्ले नाहीत. (दोन खाल्ले. शुगर लो वाटत होती.)
ह्याला टायट्रेशन मी शिकवलं. ब्युरेटची नळी धरता येत नव्हती! आता संस्थेचे अध्यक्ष वसंतराव ह्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. मेमध्ये प्राचार्य रिटायर होतायत. खुर्ची माझीच. अठ्ठावीस वर्षं सर्व्हिस, रसायनशास्त्राचा विभागप्रमुख, नावावर सतरा पेपर. आमच्या विभागात पद्धतच आहे, पेपर कुणाचाही असो, दुसरं नाव विभागप्रमुखाचं. ते वाचत बसायला मला वेळ कुठं?
संकल्प: कुणावर जळायचं नाही. उद्यापासून.

९ जानेवारी
जळत नाही. फक्त चौकशी करतोय. कॉलेजच्या वेबसाइटवर मल्लिनाथच्या जुन्या पेपरांची यादी आहे, नुसती शीर्षकं. एकेक डाउनलोड करणार. कुठंतरी घाण असणारच.

१७ जानेवारी, दुपारी ४
सापडलं! विहिरींच्या पाण्यावरचा २०१९ चा पेपर. पहिलं पान प्रिंटरनं गिळलं, पण मला तक्त्याशी मतलब. बेंबळीची विहीर अन् मुरूमची विहीर, मधे अर्धा जिल्हा. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, सगळे आकडे सारखे! घरी बसून कॉपी केले बेट्यानं.
लई दिवसांनी भूक लागली. बायकोला, प्रेमलाला, भजी करायला लावली.

२० जानेवारी
‘सजग वाचक’ नावानं नवा ईमेल काढून जर्नलच्या संपादकांकडं तक्रार ठोकली. खरं नाव दिलं नाही. लोक म्हणतील, जळतो.
प्रेमलाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुमचे पेपर कुणी असे तपासले तर? शाळेत गणित शिकवते, पण संशोधनातलं काही कळत नाही.

४ फेब्रुवारी
संपादकांचं सजग वाचकाला उत्तर. सर्व लेखकांकडं खुलासा मागितलाय, मूळ नोंदी मागितल्यात, घाईनं निष्कर्ष काढणार नाही म्हणे. काढा की घाईनं! मे जवळ आलाय. ‘सर्व लेखक’ म्हणजे ह्याच्या पापात आणखी कुणी भागीदार दिसतोय. भोगा म्हणावं.
आपला क्लार्क बंडप्पा पुन्हा मागं लागला, सर, कॉलेजचा ईमेल उघडा, बॉक्स भरलाय. पासवर्ड तीन वर्षांपासून आठवत नाही. सेमिनारची आमंत्रणं असतील. बघू.

२१ फेब्रुवारी
मल्लिनाथ केबिनमध्ये आला. तोंड उतरलेलं. काय गार वाटलं म्हणून सांगू! ईमेलचं काहीतरी सांगत होता, मी मधेच तोडलं. मग विचारलं, सर, २०१९ ला पाण्याचे कॅन तुम्ही आणून दिले होते, मुरूमची विहीर नेमकी कुठली? मी ठोकून दिलं, बसस्टँडच्या मागची.
खरं म्हणजे त्या दिवशी बेंबळीत साडूच्या पोरीचं लग्न होतं. ऊन मी म्हणत होतं. एवढ्या उन्हात मुरूमला कोण जातो? दोन्ही कॅन बेंबळीतच भरले. पाणी ते पाणी. अन् हा बघा, स्वतःची कॉपी झाकायला माझ्या कॅनच्या मागं लागलाय! लाज नाही.

१२ मार्च
जर्नलनं पेपरवर सूचना लावली, ‘या आकड्यांबद्दल शंका आहे, चौकशी चालू.’ वसंतरावांना पाठवायचा मोह आवरला. (पाठवली. नुसती लिंक.) त्यांचा अंगठा आला. म्हणजे समजायचं ते समजलेत.

२ एप्रिल
मल्लिनाथ रजा टाकून मुरूमला जाऊन आला. स्टाफरूममध्ये सांगत होता, बसस्टँडमागं विहीरच नाही. गावातल्या तीन विहिरींचं पाणी तपासलं, आकडे पार निराळे. मग येड्यानं संपादकांना लिहिलं, माझा पेपर मागं घ्या. स्वतःहून! खेळ खलास.
कोट शिवायला टाकला. भाषणही लिहायला घेतलं.

१५ मे
सभा झाली. वसंतराव माइकवर म्हणाले, चूक कळल्यावर स्वतःचा पेपर मागं घ्यायला छाती लागते, असा माणूस खुर्चीवर पाहिजे. प्राचार्य: मल्लिनाथ. टाळ्यांवर टाळ्या. मीही वाजवल्या. त्यात नवा कोट, घामानं आंघोळ.
जाताना वसंतराव मला म्हणाले, सर, तुम्ही लिंक पाठवली म्हणून मी पेपर पहिल्या पानापासून वाचला. असं का म्हणाले, कळलं नाही.

१६ मे
कळलं.
प्रेमलानं ती लिंक उघडली. पहिल्या पानावर दोन नावं, मल्लिनाथचं अन् माझं. त्यावर जर्नलची नोटीस. तिनंच मराठी करून वाचली, सावकाश, वर्गात वाचते तशी. पेपर मागे घेतला आहे. दुसरं पाणी मुरूमचं नव्हतं. दोन्ही नमुने दुसरे लेखक प्रा. शंभुलिंग हत्तरगे यांनी आणले होते. त्यांनी आमच्या चार पत्रांना उत्तर दिलं नाही. चूक दाखवून देणाऱ्या अनामिक वाचकाचे मनःपूर्वक आभार.
तिनं लिंक बंद केली. मग म्हणाली, चहा ठेवते.
सतरा पेपरांवर हक्कानं नाव टाकून घेतलं, त्यातलं एक अक्षर वाचलं नाही. अठ्ठावीस वर्षांत एकच पेपर नीट वाचला, चूक पकडली, खरं संशोधन केलं. नेमकं तिथंच नाव दिलं नाही.
चहा देताना प्रेमला म्हणाली, उरलेले सोळा आता तरी वाचा. पहिला उघडला. तक्ता क्रमांक दोन, आकडे ओळखीचे. मुरूमचं पाणी.